गोधड्या घाईने शिवता येतील का, आणि शिवाव्यात का?

काठपदर

नमस्कार. सोलापुरात अशोक चौकाच्या परिसरात आमचा आठ जणींचा बचत गट आहे. त्यांपैकी निम्म्या जणी पूर्वी विड्या वळत होत्या, एक जण गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणाचे काम करते आणि बाकीच्या घर सांभाळून दुपारच्या वेळी सुई हातात धरतात. ओळखीपाळखीतून आलेल्या गोधड्या आणि बाळंतपणाची दुपटी शिवून देणे, एवढाच आमचा आजवरचा व्यवहार होता. आता पुण्याच्या एका दुकानाने दिवाळीच्या हंगामासाठी आमच्याकडे ४० गोधड्या मागितल्या आहेत. माप पाच फूट बाय सात फूट, जुन्या सुती कापडाचे चार थर, ओळींमध्ये बोटभर अंतर आणि मुदत एका महिन्याची.

आम्ही मुदत वाढवून मागितली तेव्हा दुकानदारांनी असे सुचवले की हाताने जमत नसेल तर मशीनवर टीप मारावी, कारण गिऱ्हाईक रंग आणि काठ पाहून गोधडी घेते, टाका पाहून नव्हे. यावरून गटात दोन तट पडले आहेत. माझ्या मते येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. इतक्या थोड्या वेळात इतक्या गोधड्या होऊ शकतात का, हा एक; आणि होऊ शकत असल्या तरी तशा कराव्यात का, हा दुसरा. ज्यांनी स्वतः गोधडी शिवली आहे, किंवा ज्यांचा कापडाशी आणि मशीनशी रोजचा संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आजीच्या मायेची ऊब या विषयावर येथे पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे, तेव्हा ती या धाग्यापुरती बाजूला ठेवावी ही विनंती.

हिशेबी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढता येते, म्हणून तेवढेच लिहितो. शिवणातले मला काही कळत नाही. पाच बाय सात फूट म्हणजे साधारण १.५ मीटर बाय २.१ मीटर. बोटभर अंतर म्हणजे दोन सेंटीमीटर धरले, तर रुंदीत ७५ ओळी बसतात आणि प्रत्येक ओळ २.१ मीटरची, म्हणजे एका गोधडीत सुमारे १५७ मीटर धावदोरा, म्हणजे खाली-वर जाणारा साधा टाका, पडतो. टाका अर्ध्या सेंटीमीटरचा आणि मधली जागाही तेवढीच असेल, तर हे जवळजवळ १५,७०० टाके झाले. सरावलेला हात तासाला किती शिवतो, हे आईला विचारले. चार थरांवर तासाला आठ ते दहा मीटरपेक्षा जास्त होत नाही आणि त्यात दोरा ओवणे, गाठ मारणे, मधूनच पाठ सरळ करणे हे सगळे आले, असे ती म्हणाली. म्हणजे एका गोधडीला १६ ते २० तास.

सरासरी १८ तास धरले तर ४० गोधड्यांचे ७२० तास होतात. आठ जणी रोज तीन तास बसल्या तर दिवसाला २४ तास भरतात, म्हणजे काम बरोबर ३० दिवसांत संपते. मागणी अशक्य नाही, असे यावरून म्हणता येईल. परंतु या तीस दिवसांत एकही सण, एकही आजारपण, एकही पाहुणा बसत नाही, आणि कापड जमवणे, धुणे, थर लावणे यांचा एक मिनिटही मी धरलेला नाही. ज्या हिशेबात काहीच शिल्लक राहत नाही, त्याखाली मी तरी सही करणार नाही.

दाभण

हिशेबी यांचे गणित बरोबर आहे, पण गोधडीचा खरा वेळ त्यांनी मोजला तिथे जात नाही. टाके घालणे हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. माझे माहेर मंगळवेढ्याकडचे. ज्वारी काढून झाली, कडबा रचून झाला की चैत्र-वैशाखात आमच्याकडे वाकळा, म्हणजे गोधड्याच, निघत, आणि मृग लागण्याआधी त्या पुऱ्या व्हाव्याच लागत, कारण पावसाळी कामे सुरू झाल्यावर सुई धरायला कुणालाही सवड नसे. शिवाय वाकळ धुऊन कडक वाळवायची तर ऊनही त्याच दिवसांत मिळते. गोधडी ही मनाला येईल तेव्हा, सावकाश, वर्षभर शिवत बसण्याची वस्तू आहे, ही समजूत ज्यांनी ती शिवलेली नाही त्यांची आहे. मुदत तेव्हाही होती. ती गाठण्यासाठी हात वाढवत असत, टाका लांबवत नसत. चार बाजूंना चार जणी बसत आणि प्रत्येक जण आपल्या कडेपासून आत आत शिवत येई. हिशेबी यांचे १८ तास चौघींत वाटले म्हणजे दोन दुपारींत वाकळ उठते, आणि ती तशीच उठत असे.

वेळ जातो तो कापडात. सहावारी साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. तिच्यातून तुमच्या मापाचे, जोड देऊन, कागदावर दोन थर निघतात. पण साडी जुनी म्हटल्यावर बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या टोकाशी ती विरलेली असणारच, तेव्हा एका गोधडीला तीन साड्या धराव्यात. ४० गोधड्यांना १२० जुन्या सुती साड्या झाल्या. काठपदरताई, मला आधी हे सांगा की एवढ्या साड्या तुम्ही एका महिन्यात आणणार कुठून? भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायकांकडे आज निम्म्याहून अधिक सिंथेटिकच निघते. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगारांच्या घरी सुती कटपीस सहज येई. त्या बंद पडल्या तसा घराघरांतला सुती साठाही आटला.

कापड मिळाले तरी ते तसेच अंथरता येत नाही. प्रत्येक तुकडा उन्हाकडे धरून पाहायचा. पलीकडचे बोट स्पष्ट दिसले तर तो तुकडा बाहेरच्या थरात जाणार नाही, मधल्या थरात जाईल. आणि बोटाने हलके ताणल्यावर चरचरला तर तो कुठेच जाणार नाही. मग सतरंजीवर खालचा थर सुलटी बाजू जमिनीकडे करून पसरायचा, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, आणि तळहात मधून कडेकडे फिरवत सगळी हवा आणि सुरकुती बाहेर काढायची. वरचे थर अंथरताना एकाचा काठ दुसऱ्याच्या काठावर येऊ द्यायचा नाही, कारण तिथे कापड इतके जाड होते की सुई वाकते. कापडाचा उभा धागा सगळ्या थरांत एकाच दिशेला हवा. एक थर आडवा गेला की धुतल्यावर गोधडी एका कोपऱ्यातून आखडते आणि मग ती कधीही सरळ घडी होत नाही. हे सगळे जमल्यावर वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालायचे. दोघींना यात अर्धा दिवस सहज लागतो. घाई करायची असेल तर धावदोऱ्यात करा, टाका थोडा मोठा झाला तर चालेल. येथे केलेली घाई मात्र पुढे कितीही बारीक टाका घातला तरी झाकली जात नाही.

पूर्वभागकर

दाभणताईंच्या अनुभवापुढे बोलणे धाडसाचे आहे, तरीही दुसरी बाजू मांडतो. आमच्या घरात तीन पिढ्यांचा माग आहे. सोलापुरी चादर आधी हातमागावर विणली जात होती, नंतर ती यंत्रमागावर आली. हातमाग सुटला तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीने हीच भाषा वापरली होती, की यंत्राच्या चादरीला जीव नाही. प्रत्यक्षात काय झाले? जकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रावरची तीच मोराची आणि वेलबुट्टीची नक्षी, तेच जाड सुती कापड घरोघर पोचले, वर्षानुवर्षे धुऊन टिकले, आणि २००५-०६ मध्ये या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. वेगाने होणारी वस्तू हलकी असते, हे सोलापूरच्या माणसाने तरी म्हणू नये. मशीनवर गोधडी शिवल्याने आठ घरांत दिवाळीला पैसा येत असेल, तर टाका कोणत्या हाताने पडला याचा सोस कशासाठी?

शिलाईकाम

पूर्वभागकरांचा मुद्दा ऐकायला बिनतोड आहे, पण चादरीचे उदाहरण गोधडीला लागू पडत नाही. ते का, हे सांगतो. अक्कलकोट रस्त्यावरील एका गणवेशाच्या कारखान्यात माझे आयुष्य मशीनवर गेले आहे, तेव्हा मशीनचा द्वेष माझ्याकडून होणे नाही.

धोटा हाताने फेकला काय किंवा यंत्राने फेकला काय, उभ्या धाग्यांतून आडवा धागा जायचा तसाच जातो आणि तयार होणारे कापड तेच राहते. शिवणात तसे नाही. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा खाली-वर जातो, त्यामुळे दोन टाक्यांच्या मध्ये थरांना थोडे हलायला जागा मिळते आणि कापड ताणले गेले तरी दोरा बरोबर सरकतो. मशीनच्या टिपेत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकून घट्ट बसतात. कॉलरला आणि खिशाला हा घट्टपणाच हवा असतो. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या साडीवर मात्र दर तीन मिलिमीटरवर घट्ट दाबलेले छिद्र पाडत गेलात, तर तिकिटावर फाडण्यासाठी पाडलेल्या छिद्रांच्या ओळीसारखी तिची अवस्था होते. कापड फाटायचे असते तेव्हा ते बरोबर टिपेच्या रेषेत फाटते. त्यात दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो स्वतः तुटत नाही, कापडाला कापतो.

दुसरी अडचण थर सरकण्याची. मशीनचे खालचे दाते सर्वांत खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरचा थर मागे रोखून धरतो. एका ओळीत हा फरक दिसत नाही. बऱ्याच ओळी झाल्या की वरच्या थरात फुगा जमतो आणि शेवटी त्याची चुणी पडते. हाताने कडेपासून आत शिवत येतात, कारण जमलेला सैलपणा हाताला कळतो आणि प्रत्येक टाक्यात थोडा थोडा जिरवता येतो. मशीनवर तसेच केले तर सगळा सैलपणा मध्यभागी अडकतो. मशीनवर नेहमी मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे जावे आणि दोन्ही थर सारखे ओढणारा वॉकिंग फूट लावावा. साध्या घरगुती मशीनच्या कमानीतून चार थरांची गुंडाळी पलीकडे सरकवताना खांदे भरून येतात, तेही लक्षात घ्या.

तेव्हा मशीनवर होते का, तर होते. सगळे धरून चार-पाच तासांत एक गोधडी निघेल. पण त्यासाठी बाहेरचे दोन्ही थर नव्या, धुऊन आटवलेल्या सुती कापडाचे हवेत, टाका चार मिलिमीटरपेक्षा लहान नको, दोऱ्याचा ताण कमी हवा, आणि ओळी बोटभर अंतरावर नव्हेत तर चार बोटांवर हव्यात. इतके बदल केल्यावर जी वस्तू तयार होईल ती चांगली असेल. दुकानदारांनी मागितलेली ती नसेल.

ऊनसावली

मी मूळची सोलापूरची असून गेली बरीच वर्षे अमेरिकेत आहे आणि येथे क्विल्ट, म्हणजे इकडच्या गोधड्या, करणाऱ्या महिलांच्या मंडळात जाते. 'एका दिवसात क्विल्ट' हा प्रकार येथे सर्वमान्य आहे आणि त्याची कुणालाही लाज वाटत नाही. परंतु येथील लोकांनी वेळ कुठे वाचवला हे पाहिल्याशिवाय त्यांचे अनुकरण करू नये. त्यांच्या वरच्या थरात शेकडो लहान तुकडे मोजून कापलेले आणि एकमेकांना जोडलेले असतात. सर्वाधिक वेळ त्या कापण्या-जोडण्यात जातो. १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने फिरत्या पात्याचा कटर आणला, तेव्हा कात्रीने एकेक तुकडा कापण्याऐवजी एकावर एक ठेवलेल्या कापडाच्या सरळ पट्ट्या क्षणात निघू लागल्या. पट्ट्या आधी जोडून मग त्यांचे चौकोन कापायचे, ही युक्तीही तेव्हापासून फार फोफावली. थर शिवण्याचे काम तर अनेकजणी स्वतः करतच नाहीत. मोठ्या लाँगआर्म मशीनच्या मालकिणीकडे पैसे देऊन सोपवतात.

आपल्या गोधडीत ठिगळ वेगळे जोडून घ्यावे लागत नाही. ते जागेवर ठेवून, कडा दुमडून, ज्या धावदोऱ्याने थर शिवायचे त्याच धावदोऱ्याने पकडले जाते. म्हणजे ज्या कामात त्यांनी वेळ वाचवला, ते काम आपल्याकडे मुळात वेगळे नाहीच. त्यांच्या युक्त्या आणून काठपदरताईंच्या गटाचा फारसा वेळ वाचणार नाही.

'करावे का' या प्रश्नाबद्दल एक उदाहरण देते. एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ येथे जो प्रचंड क्विल्ट झाला, तो ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रथम मांडला गेला, तेव्हा त्यात तीन फूट बाय सहा फुटांचे १,९२० तुकडे होते. ते करणाऱ्यांपैकी कित्येकांनी आयुष्यात सुई धरली नव्हती. कुणी अक्षरे रंगाने रंगवली, कुणी कापडावर कापड चिकटवले. वेळ नव्हताच. त्या घाईने त्या कामाची किंमत तसूभरही कमी झाली नाही, कारण ते पांघरण्यासाठी केलेले नव्हते. तुमची गोधडी कुणीतरी पांघरणार आहे आणि धुणार आहे, म्हणून तिच्या घाईचा विचार वेगळा करावा लागतो.

नवीपेठ

गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, हे दुकानदारांचे म्हणणे विकत घेतेवेळी खरे आहे. गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून 'हातशिलाई' म्हणून घेतलेली गोधडी पहिल्या धुण्यातच टिपेच्या कडेने उसवली आणि उलटवून पाहिल्यावर दोन्ही बाजूंना सलग रेघ दिसली. हाताच्या टाक्यात टाका आणि रिकामी जागा दोन्हीकडे आलटून पालटून दिसते, हे मला तेव्हा कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. त्या विक्रेत्याकडे मी पुन्हा गेले नाही, एवढेच.

काठपदर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दाभणताईंनी कापडाचा जो प्रश्न विचारला आहे, त्यावर दुकानदारांनीच एक तोडगा सुचवला होता, तो मी आधी लिहिला नव्हता. सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यांतून कातरण किलोवर मिळते. ते मधल्या थरांत भरावे आणि वरखाली तेवढ्या जुन्या साड्या लावाव्यात, म्हणजे साड्या निम्म्या लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. गटातील एकीने मधल्या थरासाठी जुन्या सोलापुरी चादरी वापरण्याचेही सुचवले आहे. याबद्दल जाणकारांचे मत काय?

शिलाईकाम

कातरण आमच्याच कारखान्यांतून जाते, म्हणून ठामपणे सांगतो की ते घालू नका. गणवेशाचे कापड बहुतेक पॉलिएस्टर मिसळलेले असते. ते घाम शोषत नाही, आटत नाही आणि लवकर झिजतही नाही. त्याच्या वरखाली जुनी सुती साडी लावली की धुतल्यावर सुती थर थोडा आवळतो आणि मधला आहे तसाच राहतो, म्हणून वरचे कापड प्रत्येक टाक्याशी ओढले जाते. शिवाय कातरण म्हणजे बगलेचे आणि गळ्याचे वाकडेतिकडे तुकडे. ते आत सपाट बसत नाहीत आणि झोपणाऱ्याला पाठीखाली गाठी लागतात. आपल्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत असली गोधडी कुणी अंगाखालीही घेणार नाही.

दाभण

चादरीबद्दल मी सांगते. जुनी, मऊ झालेली चादर मधे घातली तर गोधडी उबदार आणि भारदस्त होते, आमच्याकडे अंथरायच्या वाकळेत ती घालतच असत. पण एक चादर म्हणजेच साडीचे दोन-तीन थर धरा. चार थरांच्या हिशेबात चादर आली तर साडीचे दोनच थर, वरचा आणि खालचा, ठेवावे लागतील. अन्यथा साधी सुई चालणार नाही, दाभण घ्यावे लागेल आणि बोटांची सालटी निघतील. ओली झाल्यावर ती उचलायला दोन माणसे लागतात. पुण्यातल्या सदनिकेत ती कुठे वाळत घालणार, याचा विचार करा. पांघरायच्या गोधडीला चादर नकोच.

हिशेबी

मजुरीविषयी एक राहून गेले. ताईंनी दर लिहिलेला नाही आणि तो येथे लिहूही नये, पण दुकान एका गोधडीला जो दर देते त्यातून कापडाचा आणि दोऱ्याचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला १८ ने भागून पाहावे. येणारा आकडा विडीच्या मजुरीपेक्षा कमी निघाला, तर गटातील निम्म्या जणींनी विड्या सोडून काय मिळवले, हा प्रश्न बैठकीत जरूर विचारावा. नगावर पैसे ठरलेले असताना घाईचा लाभ दुकानाला होतो आणि जादा जागरण शिवणारीच्या वाट्याला येते. लवकर हवे असेल तर दर वाढतो, हे शिंप्याकडे लग्नसराईत सर्वांना मान्य असते. गोधडीच्या वेळी मात्र ती बाईच्या फावल्या वेळातली कला ठरते.

पूर्वभागकर

शिलाईकाम यांचे म्हणणे मला पटले. विणण्याचा नियम शिवणाला लावला हे योग्य झाले नाही. तरी एक मुद्दा सोडवत नाही. आपण सर्वजण पुण्याच्या दुकानातील गिऱ्हाइकाचा विचार करत आहोत. रस्त्याच्या कडेला मशीनवर शिवलेल्या, कातरणाच्या का होईना, स्वस्त गोधड्या विकल्या जातात आणि डिसेंबरच्या थंडीत पालावर किंवा बांधकामावर झोपणारी माणसे त्या घेतात. त्यांना १८ तासांच्या टाक्याचे मोल परवडणारे नाही. 'घाईने शिवू नये' हा नियम केला तर तो त्या माणसांनाही लागू होतो.

दाभण

तो नियम कुणीही केलेला नाही. थंडी दारात आली असताना जे हाताशी असेल ते जोडून रातोरात शिवलेली वाकळ मी स्वतः पांघरली आहे, आणि ती अंगावर टोचतच होती. ती गरजेची वस्तू होती. गरज भागली, की पुढच्या उन्हाळ्यात ती उसवून पुन्हा नीट शिवली गेली. धावदोरा सहज उसवता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे आणि त्याबद्दल अजून कुणी बोलले नाही. वरचा थर विरला की तेवढा बदलता येतो, आतला जुना तसाच राहतो. आमच्याकडच्या एका वाकळेत माझ्या सासूबाईंच्या लग्नातले इरकल अजून मधल्या थरात आहे. बारीक टिपेची गोधडी उसवताना कापडाच्याच चिंध्या होतात. स्वस्त गोधडी विकणाऱ्याला दोष नाही. हाताची म्हणून हाताच्या दरात मशीनची विकणाऱ्याला आहे.

ऊनसावली

याला पूर्ण अनुमोदन. येथेही मशीनचे काम मशीनचे म्हणूनच विकले जाते आणि त्याला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

काठपदर

काल गटाची बैठक झाली. आपल्या सर्वांच्या लिखाणाचा त्यात बराच उपयोग झाला, विशेषतः १८ ने भागण्याचा. तो आकडा फळ्यावर लिहिल्यावर दोन्ही तटांतील आवाज बंद झाले. दुकानाला आम्ही असे कळवले आहे की दिवाळीपर्यंत हाताच्या १२ गोधड्या देऊ, कारण आज आमच्याकडे तेवढ्याच पुरेल इतके चांगले सुती कापड आहे. उरलेल्या गोधड्या संक्रांतीनंतर, सोलापूरची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, कापड मिळेल तशा देऊ. दर वाढवून मागितला आहे. मशीनच्या गोधड्या हव्याच असतील तर शिलाईकाम यांनी सांगितल्याप्रमाणे नव्या सुती कापडाच्या, चार बोटांच्या ओळींच्या करून देऊ. मात्र त्यांच्या पट्टीवर 'मशीन शिलाई' असे स्पष्ट लिहिले जाईल आणि त्यांचा दर वेगळा राहील. तरुण मुलींना ते काम हवे आहे आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. दुकानाचे उत्तर अद्याप आलेले नाही. नकार आला तर १२ गोधड्या येथेच विकल्या जातील, अशी माझी समजूत आहे.

थर लावण्याचे काम मात्र आता घाईत होणार नाही, हे सर्वांनी मान्य केले. एका घरातली मोठी खोली त्यासाठी ठरली असून दाभणताईंना जमत असेल तर त्यांनी पहिल्या दोन गोधड्यांच्या वेळी यावे, अशी गटाची इच्छा आहे. एक शेवटची अडचण विचारते. जमलेल्या साड्यांत तीन-चार लाल काठाच्या इरकली आहेत आणि धुताना त्यांचा रंग थोडा जातो आहे. मिठाच्या पाण्यात भिजवल्यास त्या वापरता येतील का?

दाभण

येईन, दुपारी दोननंतर ठेवा.

मिठाने रंग थांबतो यावर भरवसा ठेवू नका. इरकली वेगळ्या बादलीत, गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. नंतर पांढऱ्या ओल्या फडक्यावर लाल काठ रात्रभर दाबून ठेवा. फडक्याला सकाळी डाग दिसला नाही तर खुशाल बाहेरच्या थराला लावा. डाग दिसला तर काठ कापून बाजूला काढा आणि अंगाचे कापड तेवढे घ्या. मधल्या थरात लपवून चालणार नाही, पहिल्या धुण्यात तो रंग वर येतो. आणि दोरा सुतीच आणा, पांढरा आणला तरी चालेल, पण तोही आधी भिजवून वाळवून घ्या.